समईला भोक

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडात लेस्टरबाहेरच्या एका शेतात दर रविवारी जुन्या सामानाचा बाजार भरे. तिथे एक म्हातारा इंग्रज पितळी वस्तूंना भोकं पाडून त्यांचे टेबल लॅम्प करत बसलेला असे. बोटं कापलेले हातमोजे, तोंडात विझलेली सिगरेट. गिऱ्हाइकाकडे तो कधी बघायचाच नाही. वस्तू आधी बाहीने मायेने पुसायचा आणि मग तिला गिरमिट लावायचा.

त्या रविवारी त्याच्या मांडीवर समई होती. पाच वातींची, अगदी आपली. गिरमिटाचं टोक तेलाच्या वाटीवर टेकलं आणि मी मराठीतच ओरडले, "अहो, थांबा!"

त्याचा हात थांबला. गिरमिट मात्र त्याने उचललं नाही.

"हा दिवाच आहे," मी घाईघाईने इंग्रजीत म्हणाले. "भोक पाडलंत तर तेल गळून जाईल."

थंडीत कानात घालायला माझ्या पर्समध्ये कापूस असायचाच. तळहातावर वात वळून मी ती समईच्या चोचीत ठेवली. तो वातीकडे बघत राहिला, मी गिरमिटाच्या टोकाकडे.

"उघडी ज्योत," तो शेवटी म्हणाला. "मग हिच्यापाशी बसणार कोण, पोरी? बल्ब लावला की माणूस उठून जायला मोकळा."

"आम्ही बसतो," मी ठसक्यात सांगितलं.

त्याने गिरमिट खाली ठेवलं आणि समई वर्तमानपत्रात गुंडाळून मला विकली.

घरी आले. नवरा हॉस्पिटलात वॉर्डवर ड्यूटीला गेला होता, मुलं टीव्हीपुढे होती आणि देव्हाऱ्यात आमचा लाल बल्ब सकाळपासून एकटाच जळत होता.