दुसऱ्या भागातला नायक

त्या गेमचा पहिला भाग भिकार होता, हे आधीच सांगून टाकतो. मी तो दोनदा संपवला आहे, तेव्हा माझं मत रागाचं असेल, पण ऐकीव नाही. जुन्या दख्खनमधला एक शिलेदार, त्याच्याजवळ एक निरोप, आणि तो घाट उतरून किल्ल्यावर पोचवायचा. ऐकायला छान वाटतं. पण तलवार मारली तर ती समोरच्याला लागली की नाही तेच कळायचं नाही. शत्रू रेशनच्या रांगेतल्यासारखे एकेक करून पुढे यायचे आणि बाकीचे आपला नंबर लागेपर्यंत तलवार उगारून शांत उभे. एखाद्या गावाला तुम्ही दरोडेखोरांपासून वाचवलं आणि पुन्हा तिथंच गेलात, तर तेच गावकरी विचारायचे, 'कोण आपण?' इतका कृतघ्नपणा मी खऱ्या माणसांतही फारसा पाहिलेला नाही.

पण माझं खरं भांडण त्यातल्या तांड्याशी होतं. आम्ही गोर. बाहेरचे लोक बंजारा म्हणतात. आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर धान्य-मीठ लादून फौजांच्या मागोमाग देशभर फिरले. त्या काळावर गेम करायचा तर तांडा हवाच, म्हणून त्यांनी तो घाटाच्या पायथ्याशी ठेवला होता. ठेवला होता, एवढंच. बैल जागचे हलायचे नाहीत. सगळ्या बायकांना एकच चेहरा. आणि कुणाजवळ जाऊन उभं राहिलं की तो सिनेमातल्या हिंदीत म्हणायचा, 'हुजूर, हम गरीब लोग हैं.' मी रिमोट गादीवर आपटला होता. एवढं वाक्य म्हणायला चालले होते का आमचे लोक?

दुसरा भाग आला तेव्हा बाबांना लकवा मारून काही महिने झाले होते. बाबा यवतमाळला सरकारी कचेरीत होते, आणि आमची मराठी स्वच्छ व्हावी म्हणून त्यांनी घरात गोर बोली बंद केली होती. फुलसावंगीकडच्या तांड्यावरून काका आले की दोघं ओसरीत बसून हळू आवाजात बोलायचे, आम्ही आतून ऐकायचो. त्यामुळे मला ती समजते, पण बोलता येत नाही. जीभच वळत नाही. लकव्यानं बाबांचा उजवा हात गेला, माणसांची ओळख धूसर झाली आणि मराठी साफ गेली. डॉक्टर म्हणाले, कधी कधी असं होतं, लहानपणची भाषा राहते आणि नंतर शिकलेली जाते. म्हणजे जी त्यांनी आम्हाला दिली नाही तीच त्यांच्याजवळ उरली. मला त्यांची कीव यायची आणि रागही यायचा, आणि दोन्ही एकाच वेळी यायचं.

आई असती तर निभावलं असतं. ती नाही. बायको माझी मारेगावची, गोरच, पण तिचे वडील मास्तर, त्यामुळे तिच्या घरीही हाच कारभार. काका येऊन गेले, तेव्हा बाबा हसले, बोलले. पण काकांच्या शेतात कापूस उभा, ते किती दिवस बसणार? राहिलो मी. लोहारा एमआयडीसीतल्या कारखान्यातून आलो की बाबांच्या खाटेशी बसायचो. ते काहीतरी म्हणायचे, मी मराठीत उत्तर द्यायचो आणि ते माझ्या तोंडाकडे सभ्यपणे बघत राहायचे. मला फार काही नको होतं. त्यांनी मला काही म्हणावं, मी त्यावर काही म्हणावं आणि ते त्यांच्यापर्यंत पोचावं. एकदाच. त्यासाठी मी काहीही केलं असतं.

तर दुसरा भाग. यूट्यूबवरची पोरं ग्राफिक्सवर बोलत बसली होती, पण खरी सुधारणा तिथं नव्हतीच. इथं तलवारीला वजन होतं. घाव बसला की हात थरथरतो, थकलात तर वार चुकतो. शत्रू आता नंबर लावत नाहीत, चारी बाजूंनी येतात, त्यामुळे पळून जाणं हेही एक शहाणपण ठरतं. ज्वारीच्या उभ्या पिकात दडून बसता येतं. आणि माणसं लक्षात ठेवतात. ज्याला पाणी पाजलं तो पुढच्या मुक्कामावर वाट दाखवतो, ज्याला लुटलं तो दार लावून घेतो. पहिल्या भागातल्या सगळ्या शिव्या मी मनातल्या मनात परत घेतल्या.

"बाबा उठून बसले अन् तुमी लढाया करून राह्यले," बायको म्हणाली. रविवारची दुपार होती, टीव्ही बाबांच्याच खोलीत.

"लढाई नाही, तांड्यात चाललो," मी म्हणालो.

या भागात तांडा चालत होता. बैलांच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या, धूळ उडत होती, एक म्हातारी चालता चालता कुणाला तरी शिव्या देत होती. मुक्काम पडला तसा मी शिलेदाराला तांड्याच्या नायकासमोर नेऊन उभं केलं. नायक म्हणजे तांड्याचा पुढारी. पांढऱ्या मिशांचा, डोक्याला पागोटं. त्यानं मान वर केली आणि म्हणाला, "आव, बेस. पाणी पी."

ये, बस, पाणी पी. आमच्या बोलीत, आणि तेही अगदी ओसरीतल्या आवाजात. कुणीतरी खऱ्या तांड्यातल्या माणसाला बोलवून हे म्हणवून घेतलं असणार. मी वळून बघितलं तर बाबा पडद्याकडे टक लावून बसले होते. डावा हात किंचित उचलून ते म्हणाले, "तार गोत काई?"

तुझं गोत काय? दोन गोर भेटले की आधी हेच विचारायचं. गोत कळलं की नातं कळतं, हा भाऊ की मामा की व्याही होण्याजोगा. त्याशिवाय बोलणं पुढे सरकत नाही, आणि जो गोत सांगत नाही तो एकतर काही लपवतो किंवा समोरच्याला हलका समजतो. गेम करणाऱ्यांनी एवढं सगळं सुधारलं, पण नायकाला हा प्रश्न कुणी विचारेल असं त्यांच्या डोक्यात आलं नसावं. तो म्हणाला, बैल थकलेत, आज मुक्काम इथंच. बाबांनी पुन्हा विचारलं. तो म्हणाला, आव, बेस. बाबांचा चेहरा उतरला. ते भिंतीकडे तोंड करून आडवे झाले, ते जेवायलाही उठले नाहीत.

"टीव्हीतल्या माणसावर रुसले आता," बायको म्हणाली. "काहून दाखवलं त्याईले?" तिला हसू येत होतं, मला नाही.

पुढच्या रविवारी मी शिलेदाराला पुन्हा नायकासमोर नेलं. मूर्खपणा म्हणा, पण बाबांच्या तोंडून मला सरळ बोलणं ऐकायचं होतं. नायक म्हणाला, आव, बेस. बाबांनी जरा घुश्शातच गोत विचारलं. मी खाटेच्या मागे उभा होतो. आवाज जाडा करून मी आमचंच गोत सांगितलं. तो एक शब्द आहे, त्याला व्याकरण लागत नाही, आणि माझ्या जिभेला तेवढाच बिनचूक येतो.

बाबांचं तोंड उजळलं. एक गोत म्हणजे भाऊ. मग ते बोलायलाच लागले. आजीबद्दल, तांड्यावरच्या विहिरीबद्दल, शिंग मोडलेल्या एका बैलाबद्दल, ज्याचं नावही मी कधी ऐकलं नव्हतं. अख्ख्या आयुष्यात ते माझ्याशी एवढं बोलले नव्हते. मी मागे उभा राहून अधूनमधून 'हां' म्हणत होतो आणि रडत होतो. मला वाटलं, जमलं. असंच हळूहळू त्यांना माझ्याकडे वळवू.

मग त्यांनी आवाज खाली आणला. हळू बोल, ते नायकाला म्हणाले, हे घर कोराचं आहे. कोर म्हणजे जो गोर नाही तो, बाहेरचा. माणसं वाईट नाहीत, ते म्हणाले, जेवायला देतात, अंग पुसतात. पण इथल्या माणसाला आपलं बोलणं येत नाही. मी किती दिवस मुकाट पडून आहे. तू निघशील तेव्हा मला घेऊन जा.

मला ओरडावंसं वाटलं. कुणी केलं मला कोर? कुणी बंद केली ती बोली? पण ज्याला विचारायचं तो माणूस समोर नव्हताच. मी खाटेसमोर आलो, टीव्ही झाकला जाईल असा उभा राहिलो आणि जुळवाजुळव करून म्हणालो, "बा, म तार बेटा."

माझे उच्चार त्यांना कसे लागले असतील कोण जाणे. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग सावरून बसले, डाव्या हातानं सदऱ्याचं वरचं बटण लावायचा प्रयत्न केला, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच, त्यांच्या त्या स्वच्छ मराठीत, मला म्हणाले, "साहेब, माझे भाऊ न्यायला आले आहेत. जाण्याची परवानगी असावी."

स्वयंपाकघरातून बायको हात पुसत धावत आली. आनंदानं तिचा आवाज चिरकला होता.

"अवो, मराठीत बोल्ले ना बाबा! मी आयकलं! काय म्हणून राह्यले?"

"सुट्टी मागून राह्यले," मी म्हणालो.