काठ नसलेला ताणा

शालिकराम धकातेबद्दल एखाद्या चांगल्या लिहिणाऱ्यानं लिहायला हवं होतं. त्याला ओळखणारं आता फारसं कोणी उरलं नाही, म्हणून मी प्रयत्न करतो.

तो उमरेडच्या कोष्टी घरातला. घरचे माग बंद पडले तेव्हा, साठीच्या दशकाच्या शेवटी, नागपूरला आमच्या टेलिफोन एक्स्चेंजात केबल जोडायला रोजंदारीवर लागला. मी आत, गावभरच्या तारा जिथे येऊन मिळतात त्या फ्रेमवर. तो बाहेर, रस्त्याखालच्या खड्ड्यात. शिशाच्या जाड नळीत शेकडो तारा, प्रत्येकीला कागद गुंडाळलेला. दोन-दोनच्या जोड्या, आणि त्यांचे एकावर एक गोल थर. तुटलेल्या केबलची टोकं समोरासमोर धरून जोडीला जोडी पिळायची. मागावर संपत आलेल्या ताण्याच्या उभ्या धाग्यांना नव्या ताण्याचे धागे सांधतात, तसंच. त्याचा पीळ बघत राहावा असा असे.

रामदासपेठेतला एक मोठा सांधा त्यानं पहिल्यांदाच एकट्यानं केला. शनिवारी मोठे साहेब तो पाहणार आणि त्यावर त्याचं कायम होणं ठरणार होतं. सगळे फोन जिवंत झाले. त्यानं नळी बंद केली. सकाळी आमचे सुपरवायझर दत्तोपंत खड्ड्याशी आले.

"शालिकराम, डॉक्टरचा फोन लुगड्याच्या दुकानात वाजून राह्यला गा. पेशंट पोटदुखी सांगते, दुकानदार नऊवारी का पाचवारी विचारते."

शालिकरामनं नळीभोवती हात फिरवला. मग म्हणाला, "मी काठापासून धरलं, साहेब."

ताण्याला काठ असतो. त्यानं केबलचा प्रत्येक थर ताण्यासारखा पसरला आणि डावीकडचा पहिला धागा काठ समजून सुरुवात केली. पण केबल गोल, तिला काठ कुठला? प्रत्येक थरात एक रंगीत जोडी असते, मोजणी तिथून. त्यामुळे प्रत्येक थर आपल्या जागेवरून सरकला होता. अशी चूक कोष्ट्याच्याच हातून व्हावी.

दत्तोपंत मनाचे चांगले होते. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हा आत फ्रेमवर तारा बदलून देते. साहेबाले काई कळत नाही. तू कायम होऊन जा."

मी मान डोलावली. काम सोपं होतं; सांधा चुकीचाच राहिला, तरी फोन बरोबर वाजले असते.

"आज भागन, साहेब," शालिकराम म्हणाला. "पण उद्या कोणी हा सांधा उघडन, रंगीत जोडीवर भरोसा ठेवन, अन् फसन. त्याले कोण सांगन?"

"तू काहून चिंता करतं त्याची?"

त्यानं नळी कापली. डॉक्टरची लाईन आधी मार्गी लावली, मग एकेक थर सोडवून पुन्हा पिळायला घेतला.

शनिवारी साहेब आले तेव्हा सांधा उघडाच होता. दोन्ही हातांत तारा, म्हणून शालिकरामला उठता आलं नाही. बसूनच म्हणाला, "चूक झाली, साहेब. याले मी ताणा समजलो." साहेबांनी खाली वाकून पाहिलं आणि गेले. कायम झालेल्यांची यादी लागली, तिच्यात त्याचं नाव नव्हतं.

मी शालिकरामच्या घरी गेलो तर त्याची बायको कुसुमावती चहा देत म्हणाली, "पाहा भाऊजी, सांधा पक्का झाला अन् सांधणारा कच्चाच राह्यला." शालिकराम हसला. पण त्या दिवशी चहा त्यानं तसाच ठेवला. पुढच्या यादीत त्याचं नाव आलं, तेव्हा तो दुसऱ्या एका खड्ड्यात होता. दत्तोपंतांनी वरून ओरडून सांगितलं.

ऐंशीनंतर नवी केबल टाकायला रामदासपेठेतला तो सांधा उघडला. शालिकराम तेव्हा कळमेश्वरला बदलून गेलेला. नव्या माणसानं रंगीत जोडी शोधली आणि तिथून मोजत सुटला. कुठेही थांबला नाही. हा सांधा कोणाचा, हे त्यानं विचारलं नाही, विचारायचं कारणच नव्हतं. तो सांधा उघडणार हे कळलं, म्हणून मी फ्रेम सोडून येऊन वर उभा होतो. सांगावंसं वाटलं, पण त्याची मोजणी चुकली असती.

तो सांधा शालिकराम धकातेचा होता.