पाच जॉब कार्डं आणि गेटवरचं रजिस्टर

"आता तरी सांगा की साहेबास्नी, गाडी कितींदा माघारी न्यावी लागली ती."

"गप बस. लोकं हसत्याल."

पोलीस ठाण्याच्या बाकावरच्या नवरा-बायकोची ही कुजबुज मी ठाणे अंमलदाराच्या टेबलामागे उभी राहून ऐकली. नोकरी सोडून आता काही वर्षं झाली, तरी त्या प्रकरणाचा विषय निघाला की आधी हीच दोन वाक्यं कानात येतात.

मी तेव्हा चाकण पट्ट्यातल्या एका ठाण्यात उपनिरीक्षक होते. शिक्षण इंग्रजी माध्यमातलं, त्यामुळे मराठी लिहिताना सावध आणि बोलताना त्याहून सावध. आमचे वरिष्ठ निरीक्षक मला 'सायलेंट झोन' म्हणत.

बाकावरचे गृहस्थ निघोज्याचे. सुटे भाग बनवणारा त्यांचा छोटा कारखाना होता. त्यांनी हौसेने घेतलेली पिवळी स्पोर्ट्स कार कुरुळीजवळच्या वळणावर न वळता सरळ गेली आणि सेकंड शिफ्टला निघालेल्या एका कामगाराच्या मोटारसायकलवर आदळली. कामगार वाचला, पण त्याचा पाय दोन ठिकाणी मोडला. मालकांनी जबाबात एवढंच सांगितलं, "वळणावर चुकलं माझं." आरटीओच्या निरीक्षकांनी ब्रेक ठीक असल्याचा अहवाल दिला.

"स्पोर्ट्स कार, मोकळा रस्ता. अजून कसला तपास करायचाय?" साहेब म्हणाले. दोषारोपपत्राची तयारी सुरू झाली. गुन्हा शाबीत झाला असता तर मालकांना शिक्षा होणार होती, आणि मस्तीत एका कामगाराला लंगडं केलं हा डाग जन्मभर राहणार होता.

ती कुजबुज ऐकल्यावर मी दोघांना आतल्या खोलीत बसवलं, चहा सांगितला आणि एकच प्रश्न विचारला. गाडी कितीदा माघारी नेली? त्यानंतर मी गप्प बसले. चौकशीत मला एक गोष्ट नेहमी उपयोगी पडली. मला गप्प बसता येतं, समोरच्याला सहसा येत नाही.

चहा संपता संपता ते बोलले. "पाचदा, म्याडम. ईस-पंचवीस किलोमीटर पळाली, गरम झाली की आपसूक बंद पडती. मग स्टेरिंग दगडावानी व्हतंय. त्या दिशी वळनावर बी तसंच झालं."

"मग जबाबात का नाही सांगितलं?"

"सगळा गाव गाडीच्या पूजेला आलता. एवढी म्हागाची गाडी आन् बिघडल्याली घेतली, आसं सांगू? सर्व्हिसवाला म्हनला, तुमाला असल्या गाडीची सवय न्हाई. मला बी तसंच वाटाया लागलं."

"मी म्हनत हुते," बायको म्हणाली, "पन आमचं कोन आयकतंय."

याच माणसाच्या कारखान्यातला भाग केसभर चुकला तर मोठी कंपनी अख्खा लॉट परत पाठवते आणि हे तो लॉट मुकाट्याने उतरवून घेतात. गाडी मात्र आपणही परत करू शकतो, हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

त्यांनी पाच जॉब कार्डं, म्हणजे सर्व्हिस सेंटरने दर खेपेला दिलेले कामाच्या नोंदीचे कागद, आणून दिली. प्रत्येकावर इंग्रजीत लिहिलं होतं, चाळीस किलोमीटर चालवून पाहिली, दोष आढळला नाही. खाली मालकांनी न वाचता केलेली सही.

मी सर्व्हिस सेंटरला गेले. मॅनेजर फार नम्र होते. "मॅडम, या गाडीला ड्रायव्हरपण तसाच लागतो ना," म्हणाले. परत निघताना गेटवर वयस्क सुरक्षारक्षकाने आमची जीप थांबवली, खिडकीतून वाकून मीटर पाहिलं आणि आकडा रजिस्टरमध्ये लिहिला.

"हे कशासाठी, काका?"

"सवय हाय. देहूरोडला लष्कराच्या डेपोत होतो. गाडी आत आली, भायेर गेली, मीटर लिवायचं. हितं कुनी सांगितलं न्हाई, पन लिवल्याबिगर गेट उघडवत न्हाई."

मी जुनी पानं उलटली. पिवळी गाडी पाच वेळा आत आली होती, पाच वेळा बाहेर गेली होती. मधे एकदाही गेट ओलांडल्याची नोंद नव्हती आणि मीटरमध्ये एका वेळीही दोन किलोमीटरपेक्षा जास्त फरक नव्हता. चाळीस किलोमीटर फक्त कागदावर झाले होते.

पंचनामा करून रजिस्टर जप्त केलं. मॅनेजरना ठाण्यात बोलावून रजिस्टर आणि जॉब कार्डं शेजारी ठेवली. त्यांनी दोन्हींकडे पाहिलं आणि सांगितलं, "माणसं कमी आहेत. आम्ही नुसती सुरू करून बघायचो." पुढे बाहेरच्या तज्ज्ञाने पंचांसमोर गाडीचं इंजिन जागेवरच चालू ठेवलं. चांगलं तापल्यावर ते आपोआप बंद पडलं. जमलेल्या सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकदम हसू आलं. बंद पडलेल्या इंजिनाचा इतका आनंद मी पुन्हा कधी पाहिला नाही.

त्या दुपारी मी मूळ फिर्याद काढून वाचली. त्यात 'भरधाव वेगाने, हयगयीने व अविचाराने' असं स्वच्छ लिहिलं होतं. जखमीच्या भावाने दवाखान्यात मला एवढंच सांगितलं होतं, "गाडी वळलीच नाही." बाकीचे शब्द माझे. पोलिसी मराठी मी जुन्या फिर्यादी उतरवून शिकले होते आणि अपघात म्हटलं की हात तेच लिहून जाई. मी भावाचा पुरवणी जबाब घेतला, या वेळी त्याच्या शब्दांत. त्यानेच सांगितलं, दादा आज वॉकर धरून उभा राहिला.

खोटं बोलणारी माणसं तपासात ओळखू येतात. लाजेपोटी स्वतःवर दोष ओढून घेणारी माणसं नजरेतून सुटतात, कारण त्यांचं म्हणणं आपल्याला सोयीचं असतं. या प्रकरणाने मला हे शिकवलं.

त्याच आठवड्यात सर्व्हिस सेंटरचे मॅनेजर आमच्या साहेबांच्या केबिनमध्ये आले; मालकांनाही बोलावून घेतलं होतं. गाडी फुकट दुरुस्त करून नव्यासारखी करून देतो, म्हणाले. मालकांनी फक्त एका कागदावर सही करायची, गाडीत मूळचा दोष नव्हता अशी.

"करून टाका, राव," साहेब म्हणाले. "तुम्ही सुटलात, विषय संपला."

मालकांनी पेन उचललं. मी दाराशी उभी होते. साहेबांसमोर, न विचारता, मी तोवर कधीच बोलले नव्हते.

"सही करू नका," मी म्हणाले. "ती केलीत तर चूक पुन्हा तुमचीच ठरेल. तोच दोष पाचदा निघाला, तर दुरुस्तीवर भागवायची सक्ती नाही. ग्राहक आयोगात जा. गाडी बदलून मागा, नाहीतर पैसे परत मागा. महागाची घेतली म्हणून हक्क कमी होत नाही, आणि यात लाजायचं ते त्यांनी, तुम्ही नाही."

मालकांनी पेन टेबलावर ठेवलं.