सायकल दिली नाही

अणुस्कुरा घाटात, निम्मा चढ संपल्यावर, बाळराजेनं माझी पाण्याची बाटली हातात घेतली. चालत्या सायकलवरच. आम्ही दोघं शेजारी-शेजारी चढत होतो. त्यानं ती हलवून बघितली. अर्धी होती.

"ह्यातलं पिलायस तू?"

"व्हय. दोन घोट."

"तुझी नको."

आणि बाटली उलटी केली. सगळं पाणी डांबरावर. मोकळी बाटली दरीत भिरकावली. तोंड न लावता वरून धार धरता येते, आपल्याकडं निम्मी माणसं तशीच पितात. तेवढंही नको. ऊन असं होतं की श्वास भाजत होता, टीमची गाडी खाली कुठंतरी अडकलेली, आणि घाटात आमच्या दोघांत तेवढंच पाणी. ते त्यानं रस्त्याला पाजलं.

मी काय केलं? काहीच नाही. मान खाली घातली आणि पुन्हा त्याच्या पुढं जाऊन सायकल मारायला लागलो. माझं कामच ते होतं.

हे काम काय असतं ते सांगतो. टीव्हीवर लोकांना वाटतं, सायकलची शर्यत म्हणजे ज्याच्या पायात दम तो पहिला. तसं नसतं. प्रत्येक टीमचा एक म्होरक्या असतो. जिंकायचं त्यानं. बाकीच्यांनी त्याच्यासाठी राबायचं. पुढं राहून वारा आपल्या छातीवर घ्यायचा, तो आपल्या आडोशाला आरामात येतो. मागं जाऊन गाडीतून बाटल्या आणायच्या. त्याची सायकल बिघडली तर आपली द्यायची. ह्याचा आम्हाला पगार मिळतो. मला त्याची लाज नाही. घाम गाळून खातो, कुणाच्या बापाचं खात नाही.

बाळराजे आमचा म्होरक्या. खरं नाव लिहीत नाही, तेवढा मान त्याला कशाला? बापाची कॉलेजं, बापाचा कारखाना, बापाची टीम. टीममध्ये सगळे त्याला अहो-जाहो करायचे, मीसुद्धा. इथं मी अरे-तुरे करणार आहे. वाईट नव्हता सायकलवर, खोटं कशाला बोलू. पण त्याला चढ लागला की माझी पाठ लागायची. त्या आठवड्याभराच्या शर्यतीत तो एकूण वेळेत दुसरा होता, ते माझ्या पाठीमुळं. हा शेवटून दुसरा दिवस. राजापुरातून निघून अणुस्कुरा चढायचा, मलकापूर, बांबवडे करत वाघबीळला यायचं आणि शेवटी पन्हाळा. दुसऱ्या दिवशी नुसती कोल्हापुरात मिरवणूक. म्हणजे जे काय व्हायचं ते पन्हाळ्याच्या चढावर.

पहिला होता गुरप्रीत, पंजाबचा. दुसऱ्या टीमचा. पिवळी जर्सी त्याच्या अंगावर. तो आमच्या मागोमाग येत होता. बाळराजेची मान पडायला लागलेली त्यानं बघितली आणि शेजारी येऊन आपली बाटली पुढं केली. घाटात उन्हाच्या वेळी वैऱ्यालाही पाणी द्यायचं, हा आमच्या धंद्यातला रिवाज आहे.

"ले भाई, पी ले."

त्याच बाटलीला गुरप्रीत नुकताच तोंड लावून प्यायला होता. मी बघितलं होतं. बाळराजेनंही बघितलं होतं. त्यानं ती घेतली, टोक सरळ तोंडात घातलं आणि घटाघटा प्यायला. मिशा पुसल्या. "थँक यू भाई" म्हणाला.

पंजाब लांब आहे. तिथली जात इथून दिसत नाही. मी शाहूवाडीचा, तिथली दिसते. आमच्या गावात बौद्धवाडा कुठल्या अंगाला आहे, हे बाळराजेच्या घरात तोंडपाठ असणार.

तिथून घाटमाथ्यापर्यंत मी त्याला ओढला. पुढं मलकापूरपर्यंत ओढला. घसा कोरडा ठणठणीत. आणि ओढता ओढता एकेक गोष्ट डोक्यात जागेवर बसायला लागली.

दोन वर्षं माझ्या बाटल्यांना काळी पट्टी चिकटवलेली असायची. बाकी सगळ्यांच्या बाटल्या एकत्र. मी विचारलं होतं कोचना. ते म्हणाले, "हायजीन रं. बाळराजेंचं पोट नाजूक हाय." मला पटलं! बड्यांची पोटं नाजूक असतात, असेल बुवा. मुक्कामाला एका खोलीत दोघं-दोघं असायचे. मी मात्र सुट्या चाकांच्या खोलीत, एकटा. का? तर म्हणे मी घोरतो. सुट्टीला घरी गेल्यावर मी आईला विचारलं, आई, मी लय घोरतो का गं? ती म्हणाली, "न्हाय बा. कोण म्हणतंय?" तरी मला वाटलं, दमल्यावर घोरत असेन. कुशीवर झोपायची सवय लावून घेतली. एवढा मी शहाणा!

शिव्या दिल्या असत्या तर कळलं असतं. आमच्या आजोबांना कळत होतं, त्यांना तोंडावर सांगायचे, लांब उभा राहा. ह्यांनी इंग्रजी शब्द शोधला आणि मी दोन वर्षं त्याला मान डोलावली. गुरप्रीतच्या एका घोटात त्या हायजीनचा निकाल लागला.

अजून एक गोष्ट होती. मला टीममध्ये घेतलं तेव्हा मला वाटलेलं, माझा चढ बघून घेतलं. शाळेला असताना बहिणीला सरकारकडून फुकट सायकल मिळालेली, पुढं बास्केट असलेली लेडीज सायकल. तिच्यावर बहिणीला मागं बसवून मी रोज खिंड चढायचो. पाय तिथं तयार झाले. चाचणीच्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी टेकडीवर पोचलो. पण कोचनी घड्याळ बघितलंच नाही. टेप आणली. माझा पाय मांडीपासून टाचेपर्यंत मोजला, हात मोजला, आणि मागं वळून कुणाला तरी म्हणाले, "बसतंय. बाळराजेंच्या मापाचा हाय." त्या दिवशी मला तो मान वाटला होता. आता वारा खाता खाता अर्थ कळला. बाळराजेची सायकल कुठं बंद पडली तर त्याच मापाची दुसरी जवळ पाहिजे, म्हणून मी. माझी सीट त्याच्या उंचीची. माझं हँडल त्याच्या लांबीचं. मी म्हणजे एक सुटा भाग.

बांबवड्याच्या अलीकडं गाडी आली. बाटल्या मिळाल्या. मला काळ्या पट्टीची. मी पट्टी नखानं सोलून टाकली आणि प्यायलो.

वाघबीळ सोडून पन्हाळ्याचा चढ लागला तेव्हा पुढच्या टोळीत आम्ही पाच-सहा जणच उरलो होतो. दोन्ही बाजूला माणसं. बाळराजेच्या फोटोचे फलक, हलगी, शिट्ट्या. निम्मं कोल्हापूर वर आलेलं. रस्त्यावर मोटारसायकली आडव्या-तिडव्या, त्यामुळं गाड्या मागं तुंबलेल्या. मी पुढं, माझ्या मागं बाळराजे, त्याच्या मागं गुरप्रीत. गुरप्रीतचा श्वास फुटलेला मला ऐकू येत होता. त्या दिवशी बाळराजे जिंकू शकला असता. माझ्या पाठीवर, पण जिंकला असता.

आणि त्याचं मागलं चाक बसलं.

कानातला रेडिओ ओरडला. कोचच होते. "बाळराजे पंक्चर! थांब! सायकल दे! लगेच दे!"

मी थांबलो. सवयीनं पाय थांबले. बाळराजेनं त्याची सायकल रस्त्याच्या कडेला टाकली आणि माझ्याकडं धावत आला, हात पुढं करून. माझ्याकडं बघतही नव्हता. हँडलकडं बघत होता.

"उतर की लवकर!"

मी हँडलकडं बघितलं. त्यावरची पट्टी माझ्या घामानं चिंब होती. सीट चिंब. खालच्या दांडीवर माझ्या घामाचा मिठाचा थर. त्यातलं काहीच त्याला नडत नव्हतं. त्या ओल्या सीटवर तो आनंदानं बसला असता. माझ्या तोंडचं पाणी विटाळ, आणि माझा घाम चालतो. मला हसू आलं. खरंच आलं. एवढा किळसवाणा हिशोब, आणि ह्या लोकांनी तो पिढ्यान्‌पिढ्या न चुकता केला.

"न्हाय," मी म्हणालो.

"काय न्हाय?"

"माझी नको म्हणालता न्हवं? मग सायकल बी नको."

त्याला कळायला वेळ लागला. बाटली तो विसरूनही गेला होता! मग त्यानं हँडल धरलं. मी मारलं नाही. त्याची बोटं एकेक करून काढली. भोवती मोबाईल वर झालेले. गर्दीतून एक म्हातारा ओरडला, "आरं दे की रं, मालक हाय तुझा!"

मालक. बरोबर शब्द होता. तो ऐकला आणि मी पायडल मारला.

वर पोचेपर्यंत कोच कानात बोलत होते. रेडिओ काढून टाकता आला असता. मी काढला नाही. म्हटलं, ऐकू तरी सगळं. आधी विनवणी केली, मग करार मोडायची धमकी, मग आईवरून. आणि शेवटी, अगदी शांतपणे, "तुमच्या लोकांना वर आणलं, हीच चूक झाली." दोन वर्षांत पहिल्यांदा हा माणूस माझ्याशी खरं बोलला.

मी तिसरा आलो. गुरप्रीत पहिला. बाळराजे गाडीची वाट बघत रस्त्यात नाचत राहिला आणि शर्यत गमावून बसला.

आण्णा, म्हणजे माझे वडील, कठड्याला धरून उभे होते. मलकापूरच्या बाजारात हमाली करतात. खाडा करून पोराला बघायला आले होते. माझ्याआधी बातमी वर पोचली होती.

"काय करून बसलास रं ह्ये? समदी बोलालीत. जा, पाया धर त्यांचं."

"आण्णा, त्यानं माझं पाणी ओतलं."

 आण्णांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. हळूच म्हणाले, "वतू दे. आमचं बी वतलं हुतं. नोकरी ऱ्हाईल न्हवं?"

मला आण्णांचा राग आला नाही. ज्यांनी आण्णांना हे बोलायला शिकवलं, त्यांचा आला. तो अजून उतरलेला नाही.

मग हॉटेलात बोलावणं. साहेब, म्हणजे बाळराजेचा बाप, सोफ्यावर. कोच भिंतीला. बाळराजे कोपऱ्यात मोबाईलमध्ये. साहेब भाषणात बोलतात तसंच बोलले, गोड. "हे बघ, ही समतेची नगरी आहे. आमच्या घरात जातपात कधी पाळली नाही. तरुण रक्त आहे, होतं असं. बाहेर पत्रकार आहेत. तुझा रेडिओ बंद पडला होता, तुला ऐकू आलं नाही, एवढंच सांग. पुढच्या वर्षीही तू टीममध्ये."

मी बाळराजेला विचारलं, "बाटली का ओतली?"

त्यानं वर बघितलं नाही. कोच म्हणाले, "हायजीन..."

"आणि गुरप्रीतची?"

 मग साहेब म्हणाले, "तो विषय वेगळा आहे."

मला तिथंच सगळं दिसलं. हो म्हटलं तर पगार, सायकल, आण्णांच्या पाठीवरचं ओझं हलकं. एक खोटं, तेही यंत्रावर ढकललेलं. कुणाचं काय जातंय? माझं जात होतं. आयुष्यात एकदा मी नाही म्हणालो होतो, तेवढंच हे लोक परत मागत होते.

बाहेर गेलो. माईक पुढं आले. मी सांगितलं, "रेडिओ चालू होता. सगळं ऐकू आलं. सायकल दे असं सांगितलं होतं. मी दिली नाही." का, ते पण सांगितलं. काळ्या पट्टीसकट.

तिथंच सायकल काढून घेतली. ती टीमचीच होती, घेऊ देत. जर्सी मागितली, तीही सगळ्यांसमोर अंगातून काढून दिली. आण्णांनी खांद्यावरचा टॉवेल माझ्या अंगावर टाकला. पाया पड असं पुन्हा म्हणाले नाहीत. दुसऱ्या दिवशी पेपरात छापून आलं, रेडिओतल्या बिघाडानं घात केला. कोल्हापुरात साहेबांच्या जाहिराती कुणाला नको असतात? म्हणून हे मला स्वतः लिहावं लागतंय.

त्यानंतर एकेका टीमनं मला नाही म्हणून सांगितलं. कारण विचारलं की फोन ठेवतात. कोल्हापूर सोड, पुण्याला जा, असं चांगले चांगले मित्र सांगतात. मी का जाऊ? मंगळवार पेठेत एका सायकलच्या दुकानात कामाला लागलोय. जुनी फ्रेम घेऊन सायकल जोडली, माझ्या मापाची. जातीवरून वागवल्याची केस करायला वकिलाकडं कागद दिलेत. ती चालेल तेवढी वर्षं चालवणार, अर्ध्यात तडजोड करणार नाही.

आणि पुढची शर्यत येईल तेव्हा मी नाव देणार. टीम नसली तर सुटा. बाळराजेला हरवणं ही काय मोठी गोष्ट नाही, तो चढावर माझ्याशिवाय किती आहे ते मला ठाऊक आहे. मला सुरुवातीच्या रेषेवर उभं राहायचंय, बरोबर त्याच्या शेजारी, खांद्याला खांदा लागेल असं. त्याला ते सोसत नसेल तर त्यानं निघून जावं. मी तिथून हलणार नाही.