पेट्या टेम्पोत, लेबलं डिस्कमध्ये

जामसंड्यात माझं छपाईचं दुकान होतं तेव्हा खारी हवा मदरबोर्ड खायची. त्यावर माझा क्रम ठरलेला होता: स्क्रू डबीत, केबली पिशवीत, जुनी डिस्क नव्या मशीनमध्ये, मग चहा. त्या एप्रिलमध्ये चहापर्यंत पोचलेच नाही.

मशीन सुरू केलं. लिनक्सच्या ओळी धावल्या आणि थांबल्या. मूळ फाइलसिस्टिम, म्हणजे डिस्कवरचा फायलींचा सगळा संसार, जोडता येत नाही म्हणून कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, घाबरलं होतं. घाबरायचा हक्क खरं तर समोर बसलेल्या बागायतदार काकांचा. त्यांच्या पेट्या पेंढा घालून, खिळे ठोकून टेम्पोत चढल्या होत्या आणि लेबलं माझ्या डिस्कमध्ये होती. टेम्पो संध्याकाळी मुंबईला सुटणार. बिनलेबलाची पेटी बाजारात परमुलखातल्या आंब्यांच्या थप्पीला लागते, मग देवगडचा हापूस कोण म्हणणार?

“काय झाला गो?” काका.

लिनक्स थेट डिस्कवर उडी मारत नाही. बायोसच्या मदतीनं आधी एक छोटी, तात्पुरती फाइलसिस्टिम मेमरीत चढते. तिला इनिटआरडी म्हणतात. तिच्यातले ड्रायव्हर डिस्क ओळखतात, मूळ फाइलसिस्टिम जोडून देतात. मग ती सगळा कारभार नव्या घरधनिणीच्या हाती देऊन निघून जाते. सासवांनी शिकण्यासारखं आहे. माझी इनिटआरडी जुन्या बोर्डाच्या मापाची होती. नव्या बोर्डाला लागणारा ड्रायव्हर तिच्यात नव्हता. तो होता डिस्कवर.

हे काकांना असं सांगितलं: “ट्रॉलर खोल पाण्यात नांगरलेलो आसा. थंय जावक होडी आसा. पण वल्ही ट्रॉलरार रवली.”

“मगे पेवत जा.”

“दुसऱ्याची होडी मागून घेतंय.”

“घे. पण माझो आंबो तुझ्या होडीची वाट बघना नाय. तो पिकता.”

दुसऱ्याची होडी म्हणजे बचावाची सीडी. ती लावून मशीन उठवलं, डिस्क हातानं जोडली. लेबलाची फाइल दिसली, पण सीडीवर ना मराठी फाँट, ना प्रिंटरचा ड्रायव्हर. काका खुर्ची ओढून जवळ आले. “गावला मां? मगे छाप.”

“काका, दिसता म्हणान छापता येना नाय.”

“माझ्या बायलेसारख्या बोलतंस.”

जोडलेल्या डिस्कच्या आत शिरून मी इनिटआरडी नव्यानं बांधली. या वेळी हवा तो ड्रायव्हर नाव घेऊन आत घातला, सीडी काढली आणि मशीन पुन्हा सुरू केलं. काका हात जोडून बसले. कुणकेश्वराला सांगताहेत असं वाटलं, पण पुटपुटणं ऐकलं तर बोलणी मलाच होती. ओळी धावल्या. मूळ फाइलसिस्टिम जोडली गेली. प्रिंटर खोकला आणि पहिलं लेबल बाहेर आलं.

तोवर टेम्पोचा ड्रायव्हर भोंगा वाजवायला लागला होता. चिकटवायला वेळच नव्हता. खळीचा डबा आणि लेबलांचा गठ्ठा त्याच्या शेजारी ठेवला आणि वाटेत तळेऱ्याला चहा घेशील तेव्हा लाव म्हणून बजावलं.

दोन दिवसांनी काका दुकानात आले. माल देवगडचा म्हणूनच उतरला होता.

“अर्धी लेबला उलटी लावल्यान मेल्यान,” ते म्हणाले. “गिऱ्हायकान मान वाकडी करून वाचल्यान. पण वाचल्यान.”

मग मी चहा टाकला.