पंखांचा हक

मी सिरसाळा सोडलं त्या सकाळी आमच्या गोठ्यात कोंबडी शिजत होती. वडील माळकरी, त्यामुळे घरातल्या चुलीवर तसलं काही चढत नसे. आईनं गोठ्याच्या कोपऱ्यात तीन दगड मांडले, जुनं जर्मनचं पातेलं काढलं आणि वडील शेताकडं निघायची वाट बघत बसली. वडिलांना सगळं माहीत होतं. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून ते एवढंच म्हणाले, "संबाळून ऱ्हा. आन तिकडं काय खातो ते मला सांगू नको."

कोंबडी कापायला चाँदचाचा आले होते. चाँदचाचा म्हणजे आमच्या गावचे मुलाणी. कोंबडी असो की बोकड, आणि घर हिंदूचं असो की मुसलमानाचं, सुरी मुलाण्यानंच फिरवायची, त्याशिवाय कुणी घास घेत नसे. त्याबद्दल कोंबडीचे दोन्ही पंख मुलाण्याचे. पंख तोडताना छातीचं थोडं मांसही सोबत घ्यायचं, एवढी मोकळीक त्या सुरीला होती. याला हक म्हणत. तो मागावा लागत नसे आणि कुणी उपकार केल्यासारखा देतही नसे. कोंबडी साफ करताना आईचा हात आपोआप पंख पळसाच्या पानावर वेगळे ठेवायचा.

त्या दिवशी चाचांनी पान उचललं, माझ्याकडं बघितलं आणि पान परत आईपुढं ठेवलं.

"वैनी, ह्ये बी टाका पातेल्यात. पोरगं उडून चाललंय, पंख त्याला लागतील."

"आसं कसं चाँदभाई? तुमचा हक हाय त्यो."

"माजाच हाय ना? मग मी देतो त्याला."

आईनं पंख शिजवले आणि भाकरीत बांधून दिले. परळीच्या एसटीत खिडकीशी बसून मी ते खाल्ले. रस्सा इतका तिखट होता की नाक आणि डोळे एकदमच वाहू लागले. शेजारच्या बाईला वाटलं, पोरगं घरच्या आठवणीनं रडतंय. तिनं मला पाणी दिलं. हाडं मी खिडकीतून बाहेर फेकली.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण ते आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या वाट्याला आलं आहे. आधी मुंबई, मग जहाजावरचं स्वयंपाकघर, आणि शेवटी कॅनडातलं हॅमिल्टन. तिथं एका बारच्या किचनमध्ये डीप फ्रायरवर काम मिळालं. त्या बारची ख्याती एकाच गोष्टीसाठी होती, चिकन विंग्ज. म्हणजे पंख. कोंबडीचे बाकीचे भाग लोक मागतही नसत.

मला ते पंख कधी आवडले नाहीत. सोळा आणे खरं सांगायचं तर मला त्यांची शिसारी यायची. तळलेल्या पंखांवर गोड-तिखट ग्लेझ ओतायचं, लोणी, साखर, व्हिनेगर आणि लाल सॉस. मग भांडं झुलवून सगळं चकचकीत करायचं. समोर मॅच लागलेली असायची. धडधाकट माणसं दोन्ही हातांनी हाडं चोखायची, बोटं चाटायची आणि चिकट हातांनीच एकमेकांची पाठ थोपटायची. शिफ्ट संपली की व्हिनेगरचा वास माझ्या केसांतून जायचा नाही. बायको उशीला वेगळी खोळ घालायची. तरी त्याच पंखांनी माझं घर उभं केलं, मुलांची शिक्षणं केली, आणि पुढं त्या बारमध्ये माझी भागीदारीही झाली. ज्याची किळस येते त्यावरच पोट चालवणं सोपं असतं, आपण ते उगाच खात बसत नाही.

किचनमधल्या लोकांनी पहिल्याच हिवाळ्यात विचारलं होतं, तुमच्याकडं विंग्ज खातात का? मला मुलाणी सांगायचा होता, सुरी सांगायची होती, हक हा शब्द सांगायचा होता. इंग्रजी मोडकं होतं आणि ऑर्डरी तुंबल्या होत्या. मी म्हणालो, "कुत्र्याला टाकतो." सगळे खो खो हसले. तिथं आल्यापासून माझ्या बोलण्यावर कुणीतरी हसलं अशी ती पहिलीच वेळ. मग तो माझा ठरलेला विनोद झाला. भागीदाराच्या पार्टीत, मुलीच्या लग्नात, मराठी मंडळाच्या गणपतीत मी तो सांगत राहिलो. आम्ही कुत्र्याला टाकायचो ते हे लोक डॉलर मोजून खातात. पुढं पुढं मलाच ते खरं वाटू लागलं. माणूस बाहेरदेशी गेला की गावाबद्दल काहीही बोलायला मोकळा होतो, तिथं खोडून काढायला कुणी बसलेलं नसतं.

यंदा हिवाळ्यात मी गावी आलो होतो. माझा पुतण्या बाळासाहेब आता पुढारी आहे. त्याच्या वाढदिवसाचे फलक फाट्यापासून गावापर्यंत लागले होते, आणि एका फलकावर कोपऱ्यात माझाही फोटो होता, काळ्या चष्म्यातला, खाली लिहिलेलं "कॅनडाचे काका". वाढदिवस मळ्यात होता, मांडव, खुर्च्या, मोठे भोंगे. बाळासाहेब म्हणाला, "काका, मटन तर सगळेच खाऊ घालतेत. तुमचे त्ये विंग्ज होऊन जाऊ द्या. लोकाला कळलं पायजे कॅनडा काय आसतंय."

मला नाही म्हणता आलं असतं. मी उलट बाह्या सरसावल्या.

पंख आले सलीमच्या दुकानातून. सलीम म्हणजे चाँदचाचांचा मुलगा, माझा वर्गमित्र. चाचा जाऊन बरीच वर्षं झाली. सलीमचं बसस्टँडजवळ चिकनचं दुकान आहे. तो स्वतःच रिक्षातून टोपली घेऊन आला आणि मला बघून म्हणाला, "दत्त्या, म्हातारा झाला की बे!" मी म्हणालो, तू कुठं तरणा राहिलास. आम्ही एकमेकांच्या पाठीवर थापा मारल्या. मी त्याला जेवायला थांब म्हणालो.

ग्लेझसाठी मध मिळाला तो पाण्यासारखा पातळ, म्हणून बाळासाहेबाच्या गुऱ्हाळातला गूळ घेतला. तिथं मी फसलो. तिकडच्या साखरेवर माझा हात बसलेला, आणि इथला गूळ कढईत कधी एकतारीचा गोळीबंद झाला ते कळलं नाही. लसूण, लाल तिखट, लिंबू आणि त्यात तो पाक. तळलेले पंख कढईत टाकले आणि चार वेळा हलवले, तेवढ्यात सगळे एकमेकांना चिकटून एकच ढेप झाली. पुतण्याची बायको सुनीता उलथनं घेऊन ती फोडायला लागली.

"काका, ही तर कोंबडीची चिक्की झाली की हो."

गूळ जळल्याचा आणि चरबीचा मिळून वास सुटला होता. पुरणाच्या कढईतून येणारा तोच वास, त्यात मांस. पण पुढाऱ्याची पार्टी होती. लोकांनी ते दातांनी ओढून ओढून खाल्लं आणि "लई भारी" म्हणाले. एकाची कवळी त्यात अडकली. गुळाचे हात खुर्च्यांना लागले, मिशांना लागले, बाळासाहेबाच्या शालीला लागले. माश्या जमल्या. मी बाजूला उभा राहून विचार करत होतो की आयुष्यभर मी लोकांना हेच खाऊ घालत आलो.

तेवढ्यात बाळासाहेबानं माझ्या हातात माइक दिला. मी तो घेतला आणि जिभेवर जे तयार होतं तेच बाहेर पडलं. "मंडळी, आपण हे पंख कुत्र्याला टाकत होतो. तिकडं लोक रांगा लावतात!"

मांडव हसला. हशा ओसरता ओसरता समोरून सलीमचा आवाज आला. ताट त्याच्या हातात होतं. तो चिडलेला नव्हता, उलट चेहऱ्यावर हसू होतं, आणि तेच मला अजून दिसतं.

"कुत्र्याला न्हाई बे टाकायचे दत्त्या. आमाला द्यायचे." मग आजूबाजूला बघून म्हणाला, "मंग आता भुकून दावू का?"

त्यावर मांडव आणखी जोरात हसला. सलीमनं एक पंख उचलला, चावला, तोंड वाकडं केलं. "आन ह्ये गोड कावून हाय बे? कोंबडीला शुगर झाली हुती का?" परत हशा. मग त्यानं ताट खाली ठेवलं, हात धुतले आणि तो न जेवता गेला.

स्वतःच्या तोंडाची इतकी घाण मला कधी वाटली नव्हती. चूळ भरली तरी गुळाची चव जाईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्या दुकानावर गेलो. त्यानं हातातलं काम न थांबवता बाकड्याकडं बोट दाखवलं. मी म्हणालो, "सलीम, चुकलं माझं." तो म्हणाला, "जाऊ दे बे, हासायची गोष्ट हुती." त्यानं पुढची कोंबडी सुरीखाली घेतली. मग तो माझ्याकडं न बघता बोलू लागला.

"एक सांगू का? तू गेलता त्या दिवशी आब्बा तुमच्याकडून रिकाम्या हातानं आलते. अम्मीनं कांदा भाजून ठिवला हुता, धाकट्या दोघी ताटल्या घिऊन बसल्या हुत्या. अम्मी म्हनली, पंख कुठंयत? आब्बा म्हनले, आज न्हाई दिले. बस. त्या दिवसापासून अम्मी तुमच्या दारात आली न्हाई. दोन पंखासाठी न्हाई बे. हक न्हाई दिला म्हनून."

मला आईचा फोनवरचा आवाज आठवला. गावात फोन आल्यावर कितीतरी वर्षं ती दर वेळी एक वाक्य म्हणायची, "सुग्राबी आता ताकाला येत न्हाई रे, काय झालं कुनास ठाऊक." सुग्राबी म्हणजे सलीमची अम्मी. मी म्हणायचो, असेल काही कामात. आई गेली तेव्हाही तिला कळलेलं नव्हतं. आणि इकडं सुग्राचाचीच्या घरात माझ्या आईचं नाव हक बुडवणारी म्हणून पडलेलं होतं. चाचांनी पोरींच्या तोंडचा घास मला दिला आणि बायको रागावेल म्हणून खोटं बोलले. मी त्याच पंखांवर कुत्र्याचा विनोद केला. काल सलीमला मांडवात काय ऐकू आलं असेल ते मला तिथं बसल्यावर समजलं. त्याला ऐकू आलं, यांना आम्हाला द्यायचे नव्हते, हे कुत्र्याला टाकायला तयार होते.

मी त्याला सगळं सांगितलं. पळसाचं पान, चाचांचं बोलणं, आईनं केलेली नाही नाही, परळीची गाडी.

सुरी थांबली. "म्हंजे तू खाल्ले?"

"मी खाल्ले."

"आब्बानं दिले? सोताच्या हातानं?"

"उडून चाललंय म्हणाले. पंख त्याला लागतील म्हणाले."

सलीमनं तोंड फिरवलं. खांद्याला डोळा पुसला आणि म्हणाला, "मला काय सांगतो बे? अम्मीला सांग. जित्ती हाय आजून."

सुग्राचाची दुकानामागच्या खोलीत खाटेवर होत्या. नव्वदीच्या पुढच्या, नजर ठीक, कान गेलेले. मला बघून त्या नुसत्या बघत राहिल्या, ये म्हणाल्या नाहीत. मी कानाशी वाकून बोललो, ऐकू गेलं नाही. सलीम म्हणाला, "जोरात." मी ओरडलो. शेवटी गल्लीतली माणसं दारात जमली, आणि मी, कॅनडाचा काका, एका म्हातारीच्या खाटेशी उभा राहून घसा फोडून ओरडत होतो, "चाची, पंख मी खाल्ले! आईनं हक बुडवला नव्हता! चाचांनी मला दिले होते!"

त्यांना कळलं. बराच वेळ त्या तोंड हलवत राहिल्या, जणू काही चावून बघत होत्या.

"ह्यांनीच दिले?"

"हो चाची."

"येडा मानूस," त्या म्हणाल्या. "मला सांगितलं आसतं तर मी काय मारलं आसतं? बोलले आसते जरा." मग माझा हात धरला. त्यांचा हात कागदासारखा होता. "तुजी आई दारात ताकाचा तांब्या घिऊन हुबी ऱ्हायची रे बेटा. मी बगायचे, आन दुसऱ्या गल्लीनं जायचे."

एवढंच बोलल्या. माफ केलं असं काही म्हणाल्या नाहीत, आणि माझ्या आईच्या वतीनं मला ते मागताही आलं नाही.

निघताना सलीम म्हणाला, "दत्त्या, त्ये तू माइकवर बोलला हुता. ह्ये बी माइकवरच सांग. जेवढ्यांनी ऐकलंय तेवढ्या समद्यांना." म्हणून हे लिहितो आहे. गावात राहिलेल्यांसाठी, गाव सोडलेल्यांसाठी, आणि ज्यांना ज्यांना मी तो विनोद ऐकवला त्या सगळ्यांसाठी. आमच्या गावात पंख कुत्र्याला टाकत नसत. पंख मुलाण्याचे असत. चाँद मुलाण्यांनी ते मला दिले, माझ्या आईनं ते रांधले आणि मी ते खाल्ले. यापलीकडं जे काही मी बोललो ते खोटं होतं.

आता हॅमिल्टनला परतलो आहे. गाव आठवतं म्हणजे नेमकं काय आठवतं, असं मुलगी विचारते. मला शेत आठवत नाही, नदी आठवत नाही. घरात कोंबडी शिजली तर तिच्यात दुसऱ्या कुणाचा तरी हक असायचा, ते आठवतं. इथं अख्खी कोंबडी आपल्या एकट्याची असते आणि ती खाववत नाही.

परवा बायको फ्रीझर आवरत होती. मी आल्यापासून दर वेळी कोंबडी आणल्यावर पंख तोडून एका पिशवीत ठेवत गेलो, ती पिशवी तिच्या हाती लागली.

"हे काय साठवलंय? तुम्ही तर तोंड लावत नाही. टाकून देऊ?"

"टाकू नकोस," मी म्हणालो. "ते सलीमच्या घरचे आहेत."