तळाशी राहिलेली यंत्रं

प्रेरणाने जहाजावरून खुणेचा आवाज पाण्यात सोडला. खोल तळातून यंत्राचं उत्तर आलं, म्हणजे ते जिवंत होतं. पण खुणेसरशी सुटून वर तरंगत यायला हवं होतं, ते आलं नाही. गाळात रुतलं असावं.

भंडारा जिल्ह्यातल्या अड्याळजवळच्या एका गावातल्या ढिवर घरातली ही मुलगी. आई गुणाबाई गावच्या तलावातली मासोळी घेऊन अड्याळच्या बाजारात बसायची. वडील गेल्यावर थोरला भाऊ तेजराम अंदमानात सेंट्रिंगच्या कामाला गेला. त्याच्या कमाईवर प्रेरणा शिकली आणि एका संशोधन संस्थेत लागली. समुद्राच्या तळाशी यंत्रं ठेवणं आणि काढणं हे तिचं काम.

अंदमानच्या पश्चिमेला समुद्राखाली जमिनीचा एक भलामोठा तुकडा दुसऱ्याखाली घुसतो. कधी कधी तो झटका न देता आठवडेच्या आठवडे हळूहळू सरकतो. घरातलं भांडंही हलत नाही. पण त्याने शेजारच्या अडकून बसलेल्या भागावरचा ताण वाढू शकतो. तो भाग एकदम सुटला, तर मोठा भूकंप होऊन समुद्र जमिनीवर चढून येऊ शकतो. तळाशी ठेवलेलं यंत्र वरच्या पाण्याचा दाब मोजतं. तळ बोटभर उचलला, तरी दाब किंचित उतरतो.

दोन वर्षांपूर्वी ठेवलेल्या चार यंत्रांपैकी एकच वर आलं. दोन गप्प राहिली आणि एक नुसतंच उत्तर देत राहिलं.

"मॅडम, वादळ येतंय. निघावं लागेल," कप्तान म्हणाला.

"आणखी एकदा. हात जोडते तुम्हाला."

त्याने तीनदा थांबून पाहिलं. मग जहाज वळलं. खालून येणारं उत्तर बारीक होत गेलं आणि बंद पडलं.

हाती आलेल्या यंत्राच्या नोंदींत दाब बरेच दिवस सावकाश उतरत गेला होता. तळ उचलला गेला असेल. नाहीतर यंत्राचंच माप घसरलं असेल. जुन्या यंत्रांचं तसं होतं. शेजारचं एक जरी यंत्र मिळालं असतं, तर ताडून पाहता आलं असतं. प्रेरणाने भरती-ओहोटी वजा केली, प्रवाहांचा हिशेब मांडला. महिने गेले, उत्तर सापडेना. विभागप्रमुख सरिता मॅडम म्हणाल्या, "एका यंत्रावर काही बोलायचं नाही. पुढची सफर मंजूर झाली की बघू."

सफर मंजूर झाली नाही.

धान कापणीच्या दिवसांत ती घरी आली. समोरचं ताट तसंच राहिलेलं पाहून गुणाबाईने विचारलं, "जेवून काहून नाही राहिली वं?"

प्रेरणाने सगळं सांगून टाकलं.

"म्हंजे आपला तेजराम राहते तिकडंच? मंग भूकंप येऊन राहिला का?"

"मले माहीत नाही, माय. उद्या बी येऊ शकते. आपल्या जिंदगीत येणार बी नाही."

गुणाबाईने त्यातलं 'उद्या' तेवढं ऐकलं. तिने लगेच फोन लावला आणि रडून रडून पोराला बोलावून घेतलं.

तेजराम बायको चंद्रकला आणि लेकीला घेऊन आला. तिकडे ठेकेदाराने त्याच्या जागी दुसरा माणूस घेतला. इकडे जवाहरनगरच्या बाजूला एखाद्या दिवशी काम मिळायचं, बाकी दिवस बसून. लेकीची शाळा बुडाली. चंद्रकला चुलीपुढे तोंड फिरवून डोळे पुसायची. आणि तिकडे अंदमानात काहीच हललं नाही.

प्रेरणा पुन्हा सुट्टीला घरी आली, तेव्हा एक दिवस तलावाच्या पाळीवर तेजरामने बहिणीला गाठलं. "किती दिवस थांबाचं आम्ही? साल म्हन, दोन साल म्हन. काही तं म्हन."

"नाही सांगता येत, दादा."

"मंग मायले सांगतलं कायले?"

तो रागावून बोलला असता तर बरं झालं असतं. प्रेरणा तिथेच मातीत बसली. "मले भेव वाटलं," एवढंच तिला म्हणता आलं. त्याने तिचा दंड धरून तिला उठवलं.

पुढच्या आठवड्यात तो बायको-लेकीला घेऊन परत निघाला. भंडाऱ्याच्या बसस्टँडवर प्रेरणा त्याच्या खिडकीखाली उभी होती.

"खोली उंचावर घेजो. अन् जमीन लय वेळ हलली तं कोनाची वाट पाहू नको. पोरीले उचल अन् टेकडीवर पळ."

"हो, हो," तो म्हणाला, लहान बहिणीची समजूत काढावी तसा. बस निघून गेली. गावाकडे परतताना गुणाबाई बसमध्ये तिच्यापासून दूर जाऊन बसली.

प्रेरणा पुन्हा कामावर गेली. अंदमानात बारीकसाही धक्का नोंदला गेला, की ती आधी भावाला फोन लावते. तो लागेपर्यंत पुन्हा पुन्हा लावत राहते.

"जिता आहो वं," तेजराम म्हणतो. मागे काँक्रीट कालवणाऱ्या मिक्सरचा खडखडाट असतो. "ठेव आता, स्लॅब चालू आहे."